पत्रे जाळू नका, निवडूही नका

चार्ल्स डार्विनच्या अभ्यासिकेत आलेली पत्रे टोचून ठेवायला लोखंडी सळया होत्या. आपल्याकडे जुन्या किराणा दुकानात पावत्या टोचून ठेवायची तार असते, तशाच. सळया मोजक्या होत्या. त्या भरल्या की डार्विन काही वर्षांची पत्रे एकदम जाळून टाकी आणि मोकळ्या झालेल्या सळया पुन्हा वापरायला घेई. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने हे लिहून ठेवले आहे. १८६२ च्या सुमारास डार्विनचे मन वळवण्यात आले आणि जाळणे थांबले. पण त्याआधी आलेली बहुतेक पत्रे तोवर राख झाली होती. नैसर्गिक निवडीची कल्पना आकार घेत होती, मित्र तिच्यावर आक्षेप घेत होते आणि १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ बाहेर पडून गदारोळ उठला, त्याच वर्षांची ही आवक.

मग त्या काळातले जे आज आपल्याला वाचायला मिळते ते कसे टिकले? बहुतेक ते दुसऱ्या टोकाला टिकले. ११ जानेवारी १८४४ रोजी डार्विनने वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला लिहिले की सजीवांच्या जाती अचल नाहीत अशी माझी जवळजवळ खात्री पटली आहे आणि हे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे. हे वाक्य आज बहुतेक चरित्रांत असते. हूकरने पत्र जपले म्हणून ते आहे. माणसाने लिहिलेली पत्रे त्याच्या घरी नसतात, ती ज्याला लिहिली त्याच्या घरी असतात. पत्रव्यवहार जपण्याची सगळी अडचण या साध्या गोष्टीतून सुरू होते.

शास्त्रज्ञाच्या रोजच्या कागदांपैकी समाजाने किती जपावे आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा किती घालावा, यावर दोन मते आहेत. एक मत म्हणते की महत्त्वाची पत्रे निवडावीत, छापावीत आणि बाकीची पोटदुखीची, पावतीची, कबुतरांची पत्रे सोडून द्यावीत. माझे म्हणणे नेमके उलट आहे. दोन्ही बाजूंची सगळी पत्रे, क्षुल्लक वाटणाऱ्यांसकट, जपली पाहिजेत आणि काळाच्या क्रमाने खुली केली पाहिजेत. निवड करणारा कितीही प्रामाणिक असला तरी पुढच्या पिढीचे प्रश्न त्याला आज ठाऊक नसतात.

डार्विनच्या बाबतीत हे काम करून दाखवले गेले आहे. १९७४ मध्ये फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी केंब्रिजशी जोडलेला प्रकल्प सुरू केला. पहिला खंड १९८५ मध्ये निघाला आणि १८८२ पर्यंत येणारा तिसावा खंड २०२३ मध्ये. सुमारे १५,००० पत्रे आणि सुमारे २,००० व्यक्ती. सुरुवात करणारे संपादक शेवटचा खंड पाहायला उरले नाहीत. एवढी वर्षे आणि एवढे पैसे एका माणसाच्या टपालावर घालवावेत का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या टपालाच्या आतच सापडते, म्हणून आधी टपाल उघडून पाहू.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याने भरायचे. आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. पाकीट हाही एक कागद धरला जाई, म्हणून लोक पाकीट न वापरता कागदच घडी घालून लाखेने बंद करत. एकच कागद पुरावा म्हणून आधी आडवे आणि मग त्याच ओळींवर उभे लिहीत. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. ६ मे पासून चिकटवायचे तिकीट वापरात आले आणि पैसे लिहिणाऱ्याने भरायची पद्धत रुळली. स्वस्ताईपेक्षा हा शेवटचा बदल मला मोठा वाटतो. आधी अनोळखी माणसाला पत्र पाठवणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे होते. आता कोणत्याही माळ्याला, कबुतरे पाळणाऱ्याला किंवा पाद्र्याला त्याच्यावर भुर्दंड न टाकता एक बारीकसा प्रश्न विचारता येऊ लागला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८४२ मध्ये, डार्विन लंडनपासून सुमारे १६ मैलांवरच्या डाउन या केंटमधल्या खेड्यात राहायला गेला. बीगल जहाजावरून १८३६ मध्ये परतल्यावर त्याने पुन्हा कधी ब्रिटन सोडले नाही. प्रकृतीमुळे तो सभांना क्वचित जाई. जग त्याच्याकडे पाकिटातून येत होते.

त्याचा दिवस टपालाभोवती बांधलेला होता. सकाळी ८ ते ९.३० काम. मग दिवाणखान्यात येऊन पत्रे पाहायची आणि घरची पत्रे कोचावर पडून कुणाकडून तरी वाचून घ्यायची. १०.३० ला पुन्हा काम. दुपारच्या जेवणानंतर वर्तमानपत्र आणि त्यानंतर पत्रोत्तरे. शेकोटीजवळच्या मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी ठेवून तो लिही. पत्रे खूप किंवा लांब असली तर आधी कच्चा खर्डा करी आणि त्यावरून दुसऱ्याला मजकूर सांगे. खर्डे जुन्या हस्तलिखितांच्या किंवा मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूवर असत आणि कधीकधी त्याचे त्यालाच लागत नसत. त्रासदायक पत्रलेखकांना धाडायला त्याने छापील उत्तर करून घेतले होते, पण ते जवळजवळ कधीच वापरले नाही. मूर्खपणाच्या पत्रालाही उत्तर गेले नाही तर मनाला टोचणी लागते, असे तो म्हणे.

पाकिटांतून येत काय होते ते पाहा. आफ्रिकेतल्या नाताळहून वील नावाच्या गृहस्थाने पत्रात घालून टोळांच्या वाळलेल्या लेंड्यांची पुडी पाठवली. डार्विनने त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली बिया वेचल्या, पेरल्या आणि गवताची ७ रोपे उगवून दाखवली. आल्फ्रेड न्यूटन या प्राध्यापकाने एका जखमी तित्तिराचा पाय पाठवला. पायाला मातीचा साडेसहा औंसांचा कडक गोळा चिकटलेला होता. ही माती तीन वर्षे तशीच पडून होती. ती फोडून, पाणी घालून काचेच्या झाकणाखाली ठेवल्यावर ८२ रोपे उगवली. १८६२ च्या जानेवारीत जेम्स बेटमनने ऑर्किडच्या फुलांची पेटी पाठवली. त्यात मादागास्करच्या एका फुलाची मधुनळी साडेअकरा इंच लांब होती. हा मध कोणता कीटक पिणार, असे थक्क होऊन डार्विनने हूकरला लिहिले आणि पुढे छापील पुस्तकात तेवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे असे मांडले. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदवला गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत नॉर्दम्प्टनच्या डब्ल्यू. डी. क्रिक या जोडे बनवणाऱ्या कारखानदाराने पाण्यातला भुंगेरा पाठवला, ज्याच्या पायाला छोटा शिंपला घट्ट चावून बसला होता. गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसे पोचतात, याचा तो जिवंत पुरावा होता. त्यावरचा डार्विनचा टिपणवजा लेख एप्रिलमध्ये छापून आला आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला डार्विन वारला. डीएनएची रचना मांडणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक हा या कारखानदाराचा नातू.

छापील ग्रंथात यातली प्रत्येक गोष्ट एका वाक्यात येते आणि ते वाक्य सिद्ध झालेल्या गोष्टीचे असते. काम फसत कसे गेले ते पत्रांत राहते. १८५५ मध्ये डार्विन बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवत होता. बेटांवर वनस्पती पोचल्या कशा, हा प्रश्न होता. बिया समुद्रातून वाहत जाऊन रुजू शकतात का, याबद्दल हूकरला शंका होती आणि बाबा हूकरना हरवणार का म्हणून घरातली मुले विचारत. पाणी कुजून असह्य घाण मारू लागले, तरी मुळ्याच्या बिया उगवल्या. मग ध्यानात आले की बिया जगतात खऱ्या, पण पाण्यात तळाला जातात, म्हणजे समुद्रातून वाहून जाणारच नाहीत. या कृतघ्नांना खारवण्यात मी फुकट राबलो, अशा अर्थाचे त्याने हूकरला वैतागून लिहिले. पुढची पायरी या वैतागातून निघाली. सुटी बी सोडून, फळे धरलेली अख्खी डहाळी वाळवून पाण्यात टाकायची. ग्रंथात वाचकाला आकडे मिळतात: ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस बुडून राहिल्यावरही उगवले, आणि ९४ वाळवलेल्या वनस्पतींपैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. दुसरा प्रयोग कशामुळे सुचला, हे मात्र पत्रांतच आहे. विज्ञान शिकवणाऱ्याला पहिल्यापेक्षा हा दुसरा भाग जास्त उपयोगी पडतो. निवडक पत्रांच्या पुस्तकात कुजलेल्या पाण्याचे पत्र कुणी घेतले असते का?

भारताकडून जाणारे टपालही यात होते. डिसेंबर १८५५ मध्ये डार्विनने पाळीव कबुतरांची आणि कोंबड्यांची कातडी मागवण्यासाठी जगभरच्या माणसांची यादी केली. मद्रास इलाख्यातल्या वॉल्टर एलियटने भारतातून कातडी पाठवली आणि डार्विनने ग्रंथात त्याचे नाव घेऊन आभार मानले. हा एलियट मराठी वाचकाला अगदीच परका नाही. तो आधी दक्षिण मराठा मुलखात होता, १८२४ मध्ये कित्तूरच्या लढ्यात चन्नम्मांच्या लोकांच्या कैदेत सापडला होता आणि १८३९ मध्ये त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली होती.

याहून जवळचा धागा नगरचा आहे. १८६७ च्या सुरुवातीला डार्विनने चेहऱ्यावरच्या भावनांबद्दल एक छापील प्रश्नावली जगभर पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे आणि तोंड विस्फारते का, भुवया वर जातात का? लाजेने चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर खाली उतरते? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? त्याच्याखालच्या सूचना आजच्या कोणत्याही क्षेत्र-पाहणीला लावता येतील. मोघम शेरे फारसे कामाचे नाहीत. स्मरणशक्ती फसवते, तिच्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रसंगाचे, तो कोणत्या परिस्थितीत घडला यासकट, नेमके वर्णन लिहा. या प्रश्नावलीला ३६ निरीक्षकांची उत्तरे आली आणि ती १८७२ च्या ग्रंथात गेली.

त्या ३६ जणांत मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, बराच काळ राहिलेला एच. अर्स्किन होता. त्याने कळवले की इथल्या लोकांबद्दल खात्रीचा निष्कर्ष काढणे फार अवघड जाते, कारण युरोपीय माणसासमोर ते सगळ्या भावना सवयीने लपवतात. त्याने कानडा जिल्ह्याचा न्यायाधीश वेस्ट याच्याकडून माहिती मिळवली आणि काही मुद्द्यांवर 'जाणत्या देशी गृहस्थांचा' सल्ला घेतला. डार्विनने हे सगळे प्रामाणिकपणे छापले. अर्स्किनचे नाव आहे, वेस्टचे नाव आहे. नगरच्या त्या गृहस्थांचे नाव नाही.

हे दोन बारकावे मला फार मोलाचे वाटतात. साहेबासमोर रयत चेहरा बंद ठेवते, हे राज्यकारभाराबद्दलचे निरीक्षण चेहऱ्याच्या स्नायूंवरच्या प्रश्नाला उत्तर देताना अनवधानाने नोंदले गेले. आणि ज्ञान गोळा करणाऱ्या त्या साखळीचा शेवटचा दुवा जाणूनबुजून नव्हे तर रिवाजाने निनावी राहिला. वसाहतीच्या काळातल्या विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याला आज हेच हवे असते. १८८७ मध्ये फ्रान्सिस डार्विनने वडिलांची पत्रे तीन खंडांत निवडून छापली, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. मग त्यासाठी कागद निवडणार तरी कोण होते?

फ्रान्सिसच्या निवडीला मी वाईट हेतू चिकटवत नाही. त्याने आणि पुढे १९०३ च्या पुरवणी खंडांनी पुष्कळ काही वाचवले. पण घरच्या माणसाने केलेली निवड घरचीच असते. डार्विनच्या आत्मवृत्तातले धर्माविषयीचे परखड परिच्छेद फ्रान्सिसच्या आईच्या, म्हणजे डार्विनच्या पत्नीच्या, भावना जपण्यासाठी गाळले गेले आणि ते १९५८ मध्ये, त्याची नात नोरा बार्लो हिने संपूर्ण पाठ काढला तेव्हा, सत्तर वर्षांनी लोकांसमोर आले. एका पुस्तकाचे असे होते, तर हजारो पत्रांचे काय झाले असेल?

अर्धाच पत्रव्यवहार हाती असला की काय होते, याचे एक उदाहरण आपल्याकडेही वर्षानुवर्षे भाषणांतून फिरते आहे. कार्ल मार्क्सला 'भांडवल' डार्विनला अर्पण करायचे होते आणि डार्विनने नम्रपणे नकार दिला, ही ती गोष्ट. तिचा आधार १३ ऑक्टोबर १८८० चे डार्विनचे एक पत्र. मायना नुसता 'महोदय', समोरच्याचे नाव नाही, आणि पत्र सापडले मार्क्सच्या कागदांत. १९३१ मध्ये ते सोव्हिएत संघात छापले गेले आणि गोष्ट पक्की झाली. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी दुसरी बाजू तपासली. डार्विनने जपलेल्या आवकेत एडवर्ड अॅव्हलिंगचे आदल्याच दिवशीचे, १२ ऑक्टोबरचे पत्र होते. आपले डार्विनवरचे पुस्तक त्याला अर्पण करायची परवानगी अॅव्हलिंगने त्यात मागितली होती. अॅव्हलिंग हा मार्क्सची मुलगी एलिनॉर हिचा जोडीदार. दोघांचे कागद एकत्र झाले आणि पत्र चुकीच्या गठ्ठ्यात गेले. मार्क्सने १८७३ मध्ये आपला ग्रंथ डार्विनला भेट पाठवला होता आणि डार्विनने आभाराचे पत्र लिहिले होते, एवढेच खरे. अनोळखी लेखकाचे परवानगी मागणारे ते पत्र 'किरकोळ' म्हणून फेकले गेले असते, तर ही दंतकथा आजही इतिहास म्हणून शिकवली गेली असती.

दुसरे उदाहरण पाकिटाचे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाने मोलुक्का बेटांतल्या तेर्नातेहून नैसर्गिक निवडीवरचा आपला निबंध डार्विनला पाठवला. तो आजच आला, असे डार्विनने भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला कळवले. त्या पत्रावर तारीख आहे नुसती '१८'. महिना नाही, साल नाही. ती १८ जून १८५८ धरली जाते. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेसचा निबंध आणि डार्विनचे जुने लेखन एकत्र वाचले गेले. डार्विनला ही कल्पना आधीच सुचली होती याचा पुरावा म्हणून अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला सप्टेंबर १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राचा उतारा वाचण्यात आला. म्हणजे तेव्हाही साक्षीदार एक पत्रच होते. पुढे शंका निघाली. वॉलेसने तेर्नातेहून २ मार्च १८५८ ला फ्रेडरिक बेट्स याला लिहिलेल्या पत्रावर इंग्लंडमधल्या लेस्टरचा ३ जूनचा टपालशिक्का आहे. निबंधही त्याच बोटीने आला असेल, तर तो डार्विनच्या हाती दोन आठवडे आधी पडला आणि त्याने मधल्या काळात त्यातून काही उचलले, असा आरोप झाला. २०१२ मध्ये डच टपालबोटींचा प्रवास टप्प्याटप्प्याने लावून उत्तर देण्यात आले की वॉलेसने निबंध एप्रिलच्या बोटीने पाठवला असावा आणि तो १८ जूनलाच पोचतो. मला हे उत्तर पटते. पण वॉलेसचे ते पत्र आणि त्याचे पाकीट आज नाही, म्हणून वादाचा शेवटचा खिळा ठोकता येत नाही. जीवशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या कल्पनेच्या श्रेयाचा प्रश्न एका रिकाम्या पाकिटावरच्या गोल शिक्क्याशी येऊन थांबतो.

संपादनाचे काम किती किचकट असते, हे यावरून कळावे. डार्विन साल लिहीतच नसे म्हटले तरी चालेल. मग तारीख लावायची कशी? कागदावरच्या छापील पत्त्यावरून. १८६० च्या दशकाच्या अखेरीस डाउनचे टपालगाव ब्रॉमलीऐवजी बेकनहॅम झाले, तेव्हा 'बेकनहॅम' लिहिलेले पत्र त्याआधीचे असू शकत नाही. कागदाच्या जलचिन्हावरून, सुतकाच्या काळ्या कडेवरून, लेखनिकाच्या हस्ताक्षरावरून आणि मजकुरात आलेल्या एखाद्या पुस्तकाच्या उल्लेखावरून. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे समोरच्याचे उत्तर. त्यातच पाकीट फेकून फक्त पत्र ठेवले गेलेले असते. सही जमवणाऱ्यांनी सही कापून वहीत चिकटवलेली असते आणि तिच्यामागचा मजकूर तिच्याबरोबर गेलेला असतो. खुद्द डार्विननेही कात्री चालवली आहे. त्याच्याकडे तीस-चाळीस मोठ्या पोथड्या होत्या, विषयवार चिठ्ठ्या लावलेल्या कप्प्यांत. आलेल्या पत्रातला कामाचा तुकडा कापून तो त्या त्या पोथडीत टाकी. एका पत्राचे तीन तुकडे तीन ठिकाणी, असे कोडे संपादकांना सोडवावे लागले. सगळे कागद एकत्र असले तरच असे तुकडे जुळतात, निवडक कागदांत कधीच नाही.

आता आक्षेप. हा सगळा थोर पुरुषाच्या पूजेचा प्रकार आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खंड उघडून पाहावेत. या पत्रांतली कितीतरी डार्विनची नाहीतच. ती इतरांची आहेत: कबुतरांचे शौकीन, वकिलातीतले अधिकारी, मिशनरी, मँचेस्टरची लिडिया बेकर, जिने रोगट फुले पाठवली आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले. एडिंबराच्या बागेतला जॉन स्कॉट हा माळी १८६२ मध्ये पत्र लिहून डार्विनची ऑर्किडबद्दलची चूक दाखवून देतो. डार्विन चूक मान्य करतो, त्याला प्रयोग सुचवतो, १८६४ मध्ये त्याच्या भारतप्रवासाचा खर्च उचलतो आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून तोच स्कॉट चेहऱ्यांच्या प्रश्नावलीला उत्तरे पाठवतो. त्याचे विज्ञान टपालातच झाले आणि टपालातच टिकले. डार्विनचा पत्रव्यवहार छापणे म्हणजे अशा शेकडो स्कॉटांना त्यांचे नाव परत देणे आहे.

खासगीपणाचा आक्षेप जड आहे आणि मी तो हलका करू इच्छित नाही. डार्विनची पत्रे उलट्या, चक्कर आणि पाणी-उपचारांनी भरलेली आहेत. ती वाचली नाहीत तर तो दिवसाला काही तासच काम का करी, सभा का टाळी आणि म्हणून टपालावर का विसंबून होता, हे कळत नाही. तरी जिवंत माणसाच्या आजाराची पत्रे कुणी आज उघडी करा म्हणत नाही. त्याला मुदतीचे कुलूप असते: ३० वर्षे, ५० वर्षे, नावे घेतलेली माणसे हयात असेपर्यंत. जपणे आणि उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपले तर उघडायचे कधी ते ठरवता येते, जाळले तर ठरवायला काही उरत नाही.

आणि पत्रे उघडी होतील या भीतीने शास्त्रज्ञ मोकळेपणाने लिहिणार नाहीत, हाही मुद्दा २००९ पासून जोरात आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे हजाराहून अधिक ईमेल चोरून उघडे करण्यात आले. त्यातला आकडेमोडीच्या एका युक्तीसाठी वापरलेला 'ट्रिक' हा शब्द उचलून जगभर फसवणुकीचा आरोप झाला. पुढे झालेल्या चौकशांत आकडे बनवल्याचे आढळले नाही, माहिती द्यायला केलेल्या टाळाटाळीवर मात्र टीका झाली. पण नीट पाहिले तर तिथे घात केला तो सोयीने वेचलेल्या वाक्यांनी. आणि आरोप खोटा पडला तो आजूबाजूचे सगळे ईमेल आणि कामाची कागदपत्रे तपासता आली म्हणून.

मराठी माणसाला हे वेगळे पटवावे लागू नये. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून देण्याघेण्याच्या यादीपासून घरगुती पत्रांपर्यंत जे सापडले ते छापले, तेव्हाच आपल्याकडे इतिहास बखरीतून कागदावर आला. शास्त्रज्ञांच्या बाबतीत मात्र आपण अजून बखरीवरच आहोत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभिलेखागार आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात २०१९ पासून आहे. कृषी विद्यापीठापासून जिल्ह्याच्या महाविद्यालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याचा एक कोपरा हवा. कारण आताची सळई फारच लहान आहे. निवृत्तीनंतर संस्थेचे ईमेल खाते बंद होते आणि तीस वर्षांचा पत्रव्यवहार एका दुपारी जातो. त्याला धूरही येत नाही.

म्हणून करायचे ते खाते बंद होण्याआधी करायचे. निवडक ईमेल छापून बाड बांधू नये. छापताना संदेशाचा क्रमांक, तो कोणत्या संदेशाचे उत्तर आहे ती नोंद आणि कोणत्या सर्व्हरवरून कधी गेला तो मार्ग गळून पडतो. हाच आजचा टपालशिक्का, वॉलेसच्या पाकिटावरचा हरवलेला शिक्का. पूर्ण खाते, पाठवलेल्या संदेशांच्या कप्प्यासह, 'एमबॉक्स' स्वरूपात उतरवून घ्यावे, कारण ते साध्या मजकुराचे असते आणि कोणत्या एका कंपनीच्या प्रणालीवर अडून राहत नाही. जोडलेल्या फायली आत येतात. पण सामायिक फोल्डरचा नुसता दुवा पाठवलेला असेल, तर खाते गेले की दुवा मेला. पत्र उरेल, टोळांच्या लेंड्यांची पुडी जाईल. अशा फायली आधी उतरवून त्या त्या संदेशाच्या तारखेने ठेवाव्यात. एक प्रत संस्थेत, एक वेगळ्या इमारतीत, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहायच्या.

आज क्षेत्रातले अर्धे काम व्हॉट्सअॅपवर चालते. तिथली गफलत वेगळी आहे. संभाषण उतरवून घेताना चित्रांसह घ्यावे लागते, नाहीतर पानाचा रोग दाखवणाऱ्या फोटोच्या जागी फक्त 'फोटो नाही' अशी ओळ उरते. फोनमध्ये जसे नाव साठवले असेल तसेच फायलीत उमटते. 'राजू ट्रॅक्टर' हा कोण, हे वीस वर्षांनी कुणाला कळणार? म्हणून त्या फोनमधली नावे, माणसांची पूर्ण नावे, गाव आणि काम यांची यादी सोबत जोडायची. ज्यांची नावे आहेत त्यांना विचारून, आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीचे कुलूप लावून. तारीख फोनच्या मांडणीप्रमाणे कधी दिवस-महिना तर कधी महिना-दिवस येते, ती कोणती आहे ते यादीच्या डोक्यावर लिहायचे.

शेवटचे एक ईमेलबद्दल. 'सीसी'च्या, म्हणजे प्रत पाठवायच्या, रकान्यातली नावे कधीही पुसायची नाहीत. सर्वेक्षकाने शेतावर मोजलेला आकडा प्राध्यापकांकडून विभागप्रमुखांकडे आणि तिथून परदेशी सहलेखकाकडे पुढे ढकलला जातो. छापील लेखात तो सर्वेक्षक 'स्थानिक साहाय्य' या दोन शब्दांत येतो. त्याचे नाव, त्याने माप कुठे आणि कोणत्या दिवशी घेतले, आणि पाऊस पडत होता म्हणून दोन ओळी का सुटल्या, हे फक्त पहिल्या संदेशात असते, पाचव्यांदा पुढे पाठवलेल्या ईमेलच्या अगदी तळाला.